सगळ्यात खाली आईचा फोटो

शाळेतल्या मावशींना बावीस वर्षांत कुणी सल्ला विचारला नव्हता, आणि म्हणून त्यांनी तो द्यायचं कधी थांबवलंही नव्हतं. घंटा वाजवायची, पेले विसळायचे, पोरांची नाकं पुसायची ही त्यांची कामं. बाकी जगाची काळजी त्या फावल्या वेळात करत. मोठ्या बाईसुद्धा त्यांच्या तोंडी लागत नसत.

पण यंदा मावशींनीही हात टेकले, ते एका सात वर्षांच्या मुलीपुढे. तिला सगळे भिंगरी म्हणत. ती बोलत नसे. रंगवता रंगवता वही मिटायला सांगितली की किंचाळायची, बाकाखाली शिरायची, नाहीतर दाराकडे धूम ठोकायची. आता पुढे काय, हे कळलं नाही की तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. अकरा वाजले की वर्गावरच्या नव्या बाई दमून म्हणायच्या, "मावशी, तिच्या आईला फोन लावा."

आई लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. घरात कमावणारी तीच एकटी. एका सोमवारी ती फोनवर दबक्या आवाजात म्हणाली, "येते हो मावशी. पण साहेब म्हणालेत, हे असंच मधेच उठून जाणं चाललं तर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस." त्या दिवशी मावशींनी घंटा अशी बडवली, की जणू साहेबच हाताला लागला होता.

नव्या बाईही स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी भिंतीवर चित्रांची पट्टी लावली. रंग, पाणी, खेळ, ठोकळे, गोष्ट, घर, अशी वरून खाली. एक काम झालं की ते चित्र काढून डब्यात टाकायचं आणि पुढच्याकडे वळायचं. भिंगरीला ते आवडलं. रंगांचं चित्र तिने शहाण्यासारखं डब्यात टाकलं, पण पाण्याशी गाडी अडली. पेला समोर आला की ती तो भिरकावून द्यायची. सलग तीन दिवस हेच. मावशींनी तीन दिवस फरशी पुसली आणि चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"बाई, मला शिक्षणातलं काही कळत नाही, पण एक बोलू का?"

"बोला ना."

"चित्रात लाल पेला आहे. आपले सगळे स्टीलचे, मी रोज विसळते ना! ती पोर लाल पेल्याची वाट बघते हो. आपण तिला दाखवतो एक आणि देतो भलतंच. तिच्या जागी मी असते तर मीपण फेकला असता."

बाई पट्टीवरच्या लाल पेल्याकडे बघू लागल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, झालं, असं म्हणत मावशी फडकं पिळायला वळल्या. तेवढ्यात बाईंनी आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला. "मावशी, तुमचं बरोबर आहे. शाळेतल्या वस्तूंचे फोटो तुम्हीच काढा."

मावशींना भरून आलं. बावीस वर्षांत "तुमचं बरोबर आहे" म्हणणारी ही पहिली बाई. त्यांनी स्टीलचा पेला टिपला, चेंडू टिपला, ठोकळ्यांचा डबा आणि गोष्टीची सतरंजी टिपली. रंगांच्या फोटोत त्यांचा स्वतःचा अंगठाही आला. आई न्यायला आली तेव्हा तिलाही फाटकाशी उभं करून टिपलं. बाईंनी फोटो छापून पट्टीवर चित्रांच्या जागी लावले. घराच्या चित्राच्या जागी, सगळ्यात खाली, आईचा फोटो गेला.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पाणी प्यायली. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मावशी फोनकडे बघायलाही धजत नव्हत्या, न जाणो दृष्ट लागायची.

साडेबाराला आईच धापा टाकत फाटकात हजर. "मावशी, काय झालं? आज फोन का नाही आला? जेवणाच्या सुट्टीत पळत आले मी. कुठे आहे ती?"

मावशींनी तिला वर्गाच्या दाराशी नेलं. भिंगरी ठोकळे रचत होती. तिने वर पाहिलं, आई दिसली, आणि मावशींनी कपाळाला हात लावला. आता ही आईला बिलगणार आणि सगळं मुसळ केरात!

भिंगरी उठली. पट्टीजवळ गेली. ठोकळ्यांच्या फोटोवर बोट ठेवलं, मग सतरंजीच्या, मग आईच्या. नंतर आईकडे आली, तिच्या पोटावर दोन्ही हात टेकवून तिला ढकलत ढकलत उंबऱ्याबाहेर नेलं आणि दार लावून घेतलं.

आई पायरीवर बसून रडली. "मला जा म्हणाली हो ती. आजवर मला कधी सोडलं नाही तिने." तिने मावशींचे ओले हात धरून ठेवले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी डोळे पूस," मावशी म्हणाल्या. त्यांचेही भरले होते. "आणि कामावर जा. चारला ये, वेळेवर."

शाळेतून लाँड्रीकडे ती आजवर पळतच गेली होती. त्या दिवशी ती चालत गेली.