रस्ता मी विचारणार

दुकानात गेले की मला जे हवं असेल त्याच्याकडे मी बोट दाखवत असे. साखर हवी तर साखरेच्या पोत्याकडे, काडेपेटी हवी तर फळीकडे. दुकानदाराला सवय झाली होती, तोही न बोलता पुडी बांधून देई. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जात होते. दीड वर्षानं चाळीस मुलांपुढे उभं राहून शिकवायचं होतं, आणि मला तर अनोळखी माणसाशी चार शब्द बोलता येत नव्हते.

याचं मूळ मला माहीत होतं. मी सात वर्षांची होईपर्यंत आम्ही खेड्यावर राहत होतो. तिथं पाणी मागायचं तर लांब उभं राहून, खालच्या आवाजात मागायचं, हे आईनं मला चालायला शिकवावं तसं शिकवलं होतं. नंतर बाबांना शहरात कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, काम मिळालं, आम्ही यवतमाळला आलो. पुढं छप्पन सालानंतर घरातल्या सगळ्यांनी दीक्षा घेतली. आईनं देव्हारा उतरवला, बाबा ताठ चालायला लागले. माझा आवाज मात्र त्या खेड्यातच राहिला होता.

ट्रेनिंगला माझ्या दोन मैत्रिणी झाल्या. एक सायकल मिस्त्रीची मुलगी. तिच्या वडिलांचं बाजाराच्या रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान होतं. ती दिवसभर बडबडायची, आणि हसायला लागली की समोरच्यालाही हसावं लागायचं. दुसरी पोस्टमनची मुलगी. उंच, टापटीप, प्रत्येक गोष्टीची यादी करणारी. या दोघींमध्ये मी कशी आले ते मला आजही नीटसं सांगता येणार नाही. बहुतेक दोघींनाही ऐकणारं कोणीतरी हवं होतं.

मिस्त्रीच्या मुलीनंच आम्हाला सायकल शिकवली. सकाळी ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी, मागच्या मैदानात. मी सतरा वेळा पडले असेन. पोस्टमनच्या मुलीनं माझ्या पडण्याचीही यादी ठेवली होती, असं ती नंतर सांगायची. ते खोटं होतं. निदान मला तसं वाटतं.

त्या साली संक्रांतीच्या सुमारास पोस्टमनच्या मुलीच्या बहिणीला मुलगी झाली. बहीण केळापूरच्या अलीकडे एका गावात शाळेवर शिक्षिका होती. बाळ पाहायला जायचं ठरलं. एसटी घाटंजीपर्यंत जात असे, पण त्या गावाला जायचं तर पुढं बैलगाडी शोधावी लागे. मिस्त्रीची मुलगी म्हणाली, बैलगाडीची वाट पाहण्यापेक्षा आपण सायकलनंच जाऊ, घाटंजीला माझ्या फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, रात्र काढू, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचू. मी हसले. मला वाटलं ती गंमत करते आहे.

चार दिवसांनी तिचे वडील, म्हणजे खुद्द मिस्त्री, आमच्या दारात उभे होते. तीन सायकली मी स्वतः तयार करून देतो, असं त्यांनी बाबांना सांगितलं. चाकं, ब्रेक, साखळी, सगळं तपासून. त्यांची मुलगी पंक्चर काढायला कोणत्याही पोरापेक्षा हुशार आहे, तेव्हा काळजी नको. आई आतून ऐकत होती.  मला वाटलं बाबा पडण्याबद्दल विचारतील, नाहीतर लोक काय म्हणतील ते काढतील. बाबा एवढंच म्हणाले, "हिले रस्ता पुसता येईन का? हे तं तोंडच उघडत नाई."

मिस्त्री हसले नाहीत. ते म्हणाले, "मंग रस्ता हिनंच पुसावा. दुसऱ्या दोघी नाई पुसनार."

अशी ती अट पडली. दोघी मैत्रिणींना ती इतकी आवडली की निघताना त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं, फाट्यावर उभं राहायचं, आणि मी कोणाला तरी विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. रस्ता त्यांना माहीत असला तरी.

पहाटेचं धुकं विरल्यावर आम्ही निघालो. कॅरिअरवर वळकट्या, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या. हँडलला पिशव्या, त्यात बाळासाठी दुपटी, डिंकाचे लाडू, ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा. पोस्टमनच्या मुलीनं मावशीचं नऊवारी लुगडं काष्टा घालून नेसलं होतं. मी मिस्त्रीच्या मुलीची सलवार-कमीज घातली होती. मला पाहून आईनं तोंडाला पदर लावला. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळेना. ती हसत होती.

घाटंजीकडे जाताना रस्ता बराचसा उताराचा आहे. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनच सागवानाचं रान. पहिला फाटा आला आणि दोघींनी ब्रेक लावले. समोरून डोक्यावर पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भारा घेतलेला एक म्हातारा येत होता. मी सायकल धरून त्याच्यापुढे गेले.  मी तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि उजवीकडे हात केला.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. मग भारा खाली ठेवला. मोठ्या मायेनं त्यानं दोन्ही हात वर केले, उजवीकडे नाही असं मानेनं सांगितलं, डावीकडे बोट केलं, हातानं नागमोडी काढून नाला दाखवला, मग दोन बोटं चालवून दाखवली. घाटंजी दाखवताना त्यानं हवेत एक मोठा गोल काढला. हे सगळं तोंडातून एक अक्षर न काढता.

मागून एक सायकल पडल्याचा आवाज आला. मिस्त्रीची मुलगी रस्त्यावर बसली होती आणि पोट धरून हसत होती. पोस्टमनची मुलगी झाडाला टेकून डोळे पुसत होती. म्हाताऱ्याला मी मुकी वाटले होते.

एरवी मी अशा वेळी जमिनीत गेले असते. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्यानं हवेत काढलेला तो घाटंजीचा गोल मला आठवला आणि मलाही हसू फुटलं. असं हसू की सायकल धरवेना. म्हातारा घाबरला. मग मी जोरात, खरंच जोरात, म्हणाले, "काका, मी मुकी नाई. मले बोलता येते."

"मंग बोलत काहून नाई?" तो म्हणाला. "मायी सारी ताकत हातवाऱ्यात गेली." त्यानं भारा उचलला आणि पुटपुटत निघून गेला.

आयुष्यभर जी गोष्ट मी लाज म्हणून वागवली होती, ती बाहेरून पाहिली तर इतकी विनोदी असेल हे मला कधी सुचलं नव्हतं. तिथून पुढं मला जणू चटक लागली. गुराख्याला विचारलं. नाल्यावर कपडे धुणाऱ्या बायांना विचारलं. मैलाच्या दगडावर नाव स्पष्ट लिहिलेलं असताना त्या दगडाला टेकून बसलेल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, दगडावर लिवलं हाये ना. मी म्हटलं, दगड बोलत नाई, म्हनून तुमाले पुसलं. दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. हे वाक्य माझ्या तोंडून आलं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि माझाही नव्हता.

घाटंजीला पोचलो तेव्हा आठवडी बाजार भरला होता. बाजाराच्या ऐन मध्यावर माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा होता. मिस्त्रीच्या मुलीनं तिथंच सायकल उलटी केली, टायर काढला, ट्यूब बादलीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागली. पाच मिनिटांत आमच्याभोवती एवढी गर्दी जमली की कांदेवाल्याला आपले कांदे दिसेनात. माणसं, बाया, मधोमध तीन सायकली आणि ग्रीस लागलेल्या हातांची एक मुलगी.

एक माणूस मोठ्यानं म्हणाला, पोरी सायकली चालवायला लागल्या, आता आपण माणसांनी घरी भाकरी थापाव्या. सगळे हसले. मिस्त्रीच्या मुलीच्या तोंडात ट्यूबचं ठिगळ धरलेलं होतं, तिला बोलता येत नव्हतं. पोस्टमनची मुलगी लाल झाली होती. कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, आणि उरले होते मी.

"थापा ना," मी म्हटलं. "पयली भाकर जयली तरी आमी काई म्हननार नाई. आमची बी जयली होती."

आधी बाया हसल्या. एक भाजीवाली तर खाली बसली. मग तो माणूसही हसला आणि म्हणाला की त्याची बायको ऐकते आहे, तेव्हा हा विषय इथंच थांबवावा. मग सगळीकडून प्रश्न सुरू झाले. कुठून आल्या, कुठं चालल्या, घरच्यांनी सोडलं कसं, पाय दुखतात का. मी एकेकाला उत्तर देत होते. आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता, कारण मागच्यांच्या प्रश्नांनाही मीच उत्तर देत होते.

शेवटी एका म्हातारीनं विचारलं, "कोनाची व तू? कोन्त्या लोकाईची?"

हा जातीचा प्रश्न मी लहानपणापासून ओळखत होते. त्याचं उत्तर नेहमी आई देत असे, खाली पाहून.  मिस्त्रीच्या मुलीनं मान वर केली, ती माझ्यासाठी काहीतरी बोलणार होती. मी हातानं तिला थांबवलं.

"बाबा जिनात कामाले हायेत," मी म्हटलं. "आमी बौद्ध. अन् मी मास्तरीन होऊन राह्यली."

 एका बाईनं आपली टोपली थोडी मागं ओढली, ते मी पाहिलं. दोन-तीन जणी निघून गेल्या. ती म्हातारी मात्र तिथंच उभी राहिली. तिनं मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, मास्तरीन झाल्यावर मोठ्या बायांना शिकवते का, तिला सही शिकायची आहे. मी हो म्हटलं. पंक्चर निघेपर्यंत मी तिला मातीत बोटानं तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं काढून दाखवली. तिनं ती स्वतः चार वेळा गिरवली. पुढची अक्षरं शिकायला वेळ उरला नाही. पण निघताना तिनं माझ्या पिशवीत दोन मुठी भुईमुगाच्या शेंगा कोंबल्या.

फुफीकडे त्या रात्री आम्ही तिघी आणि फुफी एकाच परातीत जेवलो. बाजारातली हकिकत मिस्त्रीच्या मुलीनं इतकी वाढवून सांगितली की माझ्या उत्तरावर अर्धं घाटंजी आडवं झालं होतं असं फुफीला वाटलं. मी दुरुस्त करायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या गावी पोचलो. बाळ झोपलेलं होतं आणि संध्याकाळपर्यंत झोपूनच राहिलं. पण गावात तीन मुली सायकलवर आल्याची बातमी पसरली होती. चार वाजता शाळेच्या पटांगणात बाया जमल्या. कोणी घंटी वाजवून पाहत होतं, कोणी पायडल हातानं फिरवत होतं. एक लग्न झालेली तरुण बाई, कडेवरचं मूल जावेकडे देऊन, मला हळूच म्हणाली, "मले बसू देशान का?"

मी तिला बसवलं. काष्टा घातलेलाच होता, त्यामुळे तिला अडचण नव्हती. मी मागून कॅरिअर धरलं आणि पळायला लागले. ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा मी ओरडायला लागले, खाली पाहू नको, पुढं पाहा, पाय थांबवू नको. ती चालली. मी केव्हा कॅरिअर सोडलं ते तिला कळलंच नाही. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला वळून पाहिलं तेव्हा तिला समजलं, आणि ती किंचाळून पडली, पण उठली तीच हसत. मग रांग लागली. अंधार पडेपर्यंत मी अकरा बायांना सायकलवर बसवलं. त्यातल्या तिघींनी पटांगण पार केलं. बाळाची आई घराच्या दारात बाळाला घेऊन उभी होती. ती मला नंतर म्हणाली, तुझ्या ओरडण्यानं ही शेवटी जागी झाली.

परत येताना चढ होता. घाटंजी सोडल्यावर काही ठिकाणी उतरून सायकली ढकलाव्या लागल्या. यवतमाळ चार-पाच मैलांवर असताना मागून कापसाच्या गाड्यांची रांग आली, आठ-दहा गाड्या, जिनाकडे निघालेल्या. पहिल्या गाडीवाल्यानं आमची अवस्था पाहून सायकली गाडीवर टाका असं सुचवलं. तो चांगल्या मनानं म्हणत होता. मी त्याला म्हटलं, तुमचेच बैल थकलेले दिसतात, पायजे तं त्याईले आमच्या कॅरिअरवर बसवा.

गाडीवाला मागं वळून मागच्या चार गाड्यांना ते सांगत सुटला. रांगभर हशा गेला. मग त्यानं बैलांना हाक दिली आणि शर्यत लागली, दोन्हीकडून पूर्ण गंभीरपणे. पोस्टमनची मुलगी काष्टा खोचून सगळ्यात पुढं गेली. मिस्त्रीची मुलगी तिच्या मागं, दर दहा पावलांवर घंटी वाजवत. मी शेवटी होते. मांड्या पेटल्या होत्या, तोंडात धूळ होती, आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं अगदी पाठीशी ऐकू येत होती. मी उभी राहून पायडल मारत होते आणि ओरडत होते, काय ओरडत होते ते आता आठवत नाही. चढ संपला तेव्हा गाडी माझ्या दोन हात मागं होती.

वर दोघी माझी वाट पाहत सायकलींना टेकून उभ्या होत्या. खाली शहराची कौलं आणि जिनाची चिमणी दिसत होती. गाडीवाल्यानं जाता जाता रामराम केला. आम्ही तिघींनी एकदम "जयभीम" म्हटलं, मिस्त्रीच्या मुलीनंही. तो हसला आणि त्यानंही हात वर केला.