वीरभद्रप्पा गुरुजींचा चौकाबारा

वीरभद्रप्पा गुरुजींचा खडू फळ्यापेक्षा फरशीवर जास्त झिजायचा. चौथीच्या वर्गातल्या शहाबादीवर त्यांनी चौकाबाऱ्याचा पट आखला होता. पंचवीस घरं, प्रत्येक घरात पाढ्यातला एक प्रश्न. चार कवड्या टाकायच्या, पडेल तितकी घरं सोंगटी पुढे न्यायची. उत्तर आलं तर तिथं बसायचं, नाही तर सोंगटी परत घरी. शेजारच्या वर्गात मी चित्रकला शिकवायचो. माझी पोरं सफरचंद काढता काढता खिडकीतून तिकडं उतरायची, एवढं माझं शिकवणं रंगतदार!

हा खेळ गुरुजींना त्यांच्या बायकोनं, मैंदर्गीच्या चंद्रव्वानं शिकवलेला. मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी दोघं खेळायची आणि दहातले नऊ डाव ती जिंकायची. ती गेली आणि घरात त्यांना हरवायला कुणी उरलं नाही. मग गुरुजींनी पट शाळेत आणला. चाळीस गडी मिळाले.

चौऱ्याहत्तर साली तपासणीला पुण्याकडचे साहेब आले. फरशी बघून म्हणाले, "शाळा आहे की जुगाराचा अड्डा?"

"पाढे इचारून तर बघा की, सायब."

साहेबांनी दाक्षायणी नावाच्या पोरीला उभं केलं. "सात आठे?"

"ऐवत्तारु!"

"नऊ साते?"

"अरवत्तमूरु!" सगळा वर्गच ओरडला.

गुरुजींचा चेहरा उतरला. कवड्या हातात आल्या की ते नकळत चंद्रव्वाच्या कानडीत बोलायचे, आणि मराठी शाळेची चौथी तेच पाठ करून बसली होती. उत्तरं सगळी बरोबर. गुरुजींचं साहेब मानेनात; तसं सांगू शकणारा, कानडी कळणारा दुसरा मास्तर म्हणजे खिडकीशी उभा मी. नेमकं तेव्हाच मला ब्रश धुवायचे होते.

'खेळातून काहीही शिक्षण नाही,' असा शेरा पडला. दुपारी शिपायानं फरशी पुसली.

पुढच्या वर्षी गुरुजी निवृत्त झाले. दिवाळीच्या सुट्टीत मी बाळीवेशीतल्या त्यांच्या खोलीवर गेलो. फरशीवर पट आखलेला. उजव्या हातानं स्वतःचा डाव, डाव्या हातानं चंद्रव्वाचा.

"कोण जिंकतंय, गुरुजी?"

"कुणीच न्हाय. दुसऱ्याची सोंगटी मारल्याबिगर आतल्या घरात जाता येत न्हाय, असा नेम हाय. तिची मारायला माझा हात उचलत न्हाय. म्हून दोगंबी भायेरनंच फिरतोय."

"किती दिवस?"

"सुट्टी लागल्यापास्नं. माझी, तुमची न्हाय."

मी चपला काढून समोर बसलो. कवड्या टाकल्या, माझी म्हणून नवी सोंगटी मांडून सरकवली.

"आठ नवे?" गुरुजींनी विचारलं.

"एप्पत्तेरडु." खिडकीतून वर्षानुवर्षं ऐकलेलं, तोंडातून आपोआप निघालं.

गुरुजी पटावरून पुढं झुकले. "शिकलात की वो मास्तर, लई चांगलं शिकलात. मग त्या दिवशी का बोलला न्हाईत?"

मला कुठल्याच भाषेत उत्तर आलं नाही.

त्यांनी माझी सोंगटी उचलली आणि नेमाप्रमाणे परत घरी ठेवली. "उठू नका," कवड्या गोळा करत ते म्हणाले, "आता माझा डाव हाय."