ताईंच्या समोरची जागा

आमच्या नाचाच्या वर्गाच्या स्मरणिकेत मी लिहिले होते की, आयरिश नाचाचा पहिला धडा मला सुजाताताईंनी दिला. ते चुकीचे आहे. पहिला धडा आईने दिला, आमच्या कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात, प्लायवूडच्या फळीवर. आईची मैत्रीण म्हणून आलेल्या ताई बाहेरच्या खोलीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी थांबले, तेव्हा न वळताच म्हणाल्या, "मुलगी घाबरते, पण ताल चोरत नाही." ताईंची माझी पहिली ओळख ही.

ताई खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराच्या कन्या. दोघी एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होत्या; कंपनीने त्यांना आणि आईला एकदमच डब्लिनला पाठवले. तिथे संध्याकाळच्या वर्गात दोघी हा नाच शिकल्या आणि परतल्यावर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवू लागल्या. "अहो, ही सोसायटी आहे, तबेला नाही," असे टाचांच्या खडखडाटाला वैतागून सेक्रेटरी म्हणाले, तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "तबेला असता तर घोड्यांनी तक्रार केली नसती."

ताईंचा आग्रह एकच: कमरेच्या वर शरीर स्थिर, बोलायचे ते पायांनी. त्यासाठी टणक टाचांचे बूट लागतात. एका मुलीच्या मापाचे मिळेनात, तर ताई तिला घेऊन मंडईजवळ बूट शिवणाऱ्या हनीफचाचांकडे गेल्या.

"ताई, बूट करायचेत की हातोडे?"

"हातोडेच. पण चावायला नकोत."

वर्गाचे बूट आजही चाचाच करतात.

चार जोड्यांच्या नाचात आई ताईंच्या समोर असे. आई गेल्यावर ताईंनी ती जागा कुणालाच दिली नाही. जोडीने फिरताना ताई त्या रिकाम्या जागेपुढे हात करतात, वळतात, आणि तिथून टाच वाजते. आईची डावी टाच किंचित उशिरा पडायची. ही तशीच पडते. मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पाहिले. त्यात ती ऐकू येत नाही, हेही इथे सांगायला हवे. पण परवा एका नव्या मुलीने, जिला कुणी काही सांगितले नव्हते, विचारले, "ताई, तुमच्यासमोर कोण नाचतंय?"

"तू आपल्या पायांकडे बघ," ताई म्हणाल्या.

आता ताईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया आहे. नंतर त्यांना नाचता येईलच, असे डॉक्टर म्हणत नाहीत. त्याआधी एकदा मी आईच्या जागी उभे राहावे, असे त्यांनी सांगितले आहे.

"मी उभी राहिले आणि आवाज बंद झाला तर?" मी विचारले.

साठीच्या ताई दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसल्या आणि माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागल्या. "तुझी आई दमली असेल गं. बसू दे तिला."

ताईंचे गुडघे बरे होवोत, त्यांनी शंभरी पाहावी आणि तोवर आम्हाला रागावत राहावे. शस्त्रक्रिया शुक्रवारी आहे. आदल्या दिवशी, गुरुवारी, बुद्धपौर्णिमेच्या सकाळी, मी त्या जागी उभी राहणार आहे.