सपाट केलेला जिना

गल्लीत तिला सगळे करवत म्हणत. फ्रेमच्या दुकानात करवती दोन, एक लाकूड कापते नि दुसरी गिऱ्हाईक, असं समोरचा चपलांचा दुकानदार तिच्या तोंडावर म्हणायचा. तीही त्याला सोडायची नाही. "तुझी चप्पल महिन्यात उसवते, माझी चौकट तुझ्या नातवाला पुरेल," असं सुनावून परत कामाला लागायची.

दुकान वडलांचं. त्यांनी तिच्या धाकट्या भावाला गल्ल्यावर बसवलं होतं. नवऱ्याशी फाटल्यावर ती लेकीला कडेवर घेऊन माघारी आली, तेव्हा "तात्पुरती मागच्या टेबलावर बस," म्हणाले. त्या तात्पुरत्यात लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, वडील गेले. पाटीवर नाव मात्र भावाचंच राहिलं. त्याचा राग तिच्या पोटात होताच, पण तो रोजचा, मुरलेला राग. खरा भडका उडाला तो एका म्हातारीच्या चित्रांवरून.

म्हातारी एका सकाळी पुठ्ठ्याचं मोठं पाकीट छातीशी धरून आली. आत चार छापचित्रं होती, तिच्या नवऱ्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून ओल्या कागदावर दाबून काढलेली. नवरा गेला होता, पत्रे मोडीत गेले होते, आणि एकेका चित्राचा हा एकच कागद उरला होता. एका संग्रहालयाने मागूनही तिने ती दिली नव्हती. पण जुन्या फ्रेममध्ये काचेला चिकटून, ओल आलेल्या भिंतीवर राहून कागद फुगले होते, लाटा उठल्यासारखे.

बोलता बोलता म्हातारीने एका चित्रावर बोट फिरवलं, तशी करवत चालली. "आजी, हात नका लावू! बोटांचं तेल कागद खातं."

"मग मी बघू कशाने?" म्हातारी म्हणाली. डोळे जवळजवळ गेले होते तिचे. पत्रा दाबला गेला तिथली खोलगट कड, शाईच्या उठलेल्या रेघा, हे सगळं ती बोटाने वाचायची. "हा आमचा जिना. इथून पायऱ्या चढतात."

करवतीने आडवा घातलेला हात मागे घेतला. असं क्वचितच व्हायचं.

काम हाती घेणार तोच लेकीचे दिवस भरल्याचा निरोप आला. निघताना तिने भावाला बजावलं, "त्या पाकिटाला हात लावायचा नाही. मी आल्यावर बघेन."

बाळ-बाळंतिणीची सोय लावून ती परत आली, तर भाऊ हसतमुखाने समोर. "ताई, बघ, कसं पाटीसारखं सपाट झालंय!"

त्याने जिन्याचं चित्र गरम प्रेसमध्ये घालून पुठ्ठ्यावर चिकटवून टाकलं होतं. तिने ते उचलून खिडकीशी तिरपं धरलं. कड गेलेली. रेघांचा उठाव गेलेला. जिना राहिला होता, पायऱ्या राहिल्या नव्हत्या.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"आजींच्या मुलाचा फोन आला. लाटा नकोत म्हणाला, लवकर द्या म्हणाला. तू तिकडे अडकलेली. मी कामच केलं ना? चोरी केली का?"

"चोरी केली असतीस तर परत तरी आणता आलं असतं!"

"अगं, म्हातारीला धड दिसत नाही. कोण बघतंय?"

हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. लोखंडी पट्टी तिने टेबलावर अशी आपटली की खिळ्यांचा डबा उलटा झाला. चपलांचा दुकानदार डोकावला नि तसाच माघारी वळला. तिने प्रेसची वायर कात्रीने कापून टाकली. आधी प्लग काढून, कारण ती रागावली होती, वेडी झाली नव्हती.

भाऊ पुटपुटला, "नवी काच लावून देऊन टाकू. कळणार नाही."

"चल. तू सांगायचंस. तुझ्या तोंडाने."

म्हातारीच्या घरी त्याने चित्र पुढे ठेवलं. म्हातारीने बोट टेकवलं, सरकवलं, परत मागे नेलं.

"हे कुणाचं?"

"तुमच्या यजमानांचंच," भाऊ म्हणाला.

"नाही. त्यांच्या जिन्यावर बोट चढायचं."

मग त्याने खाली बघत सगळं सांगितलं. म्हातारी रडली नाही. तिचा आवाज चढला. "डोळे गेले तेव्हा एवढं उरलं होतं मला. त्यावर तू इस्त्री फिरवलीस! निघा. दोघंही निघा!"

दोघंही. रस्त्याने येताना तोच शब्द तिला टोचत राहिला. पण म्हातारीचं काय चुकलं? दुकानाची पाटी एकच होती.

बऱ्याच दिवसांनी म्हातारीचा निरोप आला, "बाकीची तू कर. त्याचा हात लागला तर मला कळेल."

तिने ती तीन चित्रं बंद पेटीत दमट हवेवर सैल होऊ दिली, मग मऊ लोकरी कापड आणि टीपकागदात अगदी हलक्या वजनाखाली ठेवली. घाई केली नाही. कागदांचा फुगवटा उतरला, तरी बारीकशी लाट राहिली. ती तिने राहू दिली. कागद फक्त वरच्या बाजूने अडकवला, म्हणजे त्याला हलायला जागा. आणि काच खिडकीसारखी उघडणारी केली.

"हात धुऊन, पुसून, मगच," तिने म्हातारीला दरडावलं.

"बरं, बाई," म्हणत म्हातारीने पहिली काच उघडली.

जिना मात्र गेला तो गेलाच. पुठ्ठ्यावरून सोडवण्याचा तिने प्रयत्न केला. कागद फाटायला लागला तशी थांबली.

दुकानात तिने मधोमध फळ्यांची भिंत घातली. पुढे भाऊ तयार चौकटी विकतो, मागे तिचं काम, मागच्या बोळात तिचं दार, दारावर तिची पाटी. एका दुपारी भाऊ चहा घेऊन त्या दाराशी आला.

"ताई, किती दिवस अशी धुमसणार?"

"तुला काय घाई आहे? घाईनेच वाट लावलीस."

चहा मात्र तिने घेतला. निवला होता, त्यावरूनही ती त्याला बोललीच.