पार्किंगमधला शर्यतीचा बैल

मी वर्तकनगरच्या एका ऑफिसात बसून स्पेनमधली बैलझुंजीची जुनी रिंगणं काढते. म्हणजे संगणकावर त्यांचे नकाशे करते. सगळी एकाच प्रांतातल्या छोट्या गावांमधली. तिकडून फोटो आणि मापं येतात, इथे आम्ही रेषा मारतो. एखादं रिंगण चक्क गावच्या चौकात, भोवती लोकांच्या घरांच्या गॅलऱ्या. बहुतेकांना दोन दारं: एक बैल आत सोडायचं, दुसरं त्याला मेल्यावर ओढून न्यायचं. पहिल्या नकाशाच्या वेळी ते दुसरं दार मी सगळ्यात शेवटी काढलं होतं. मग सवय झाली. आता त्या दाराची मापं मी जिन्याची टाकावीत तशी टाकते.

घरी, कोपरला, बाबांचा बैल होता. आम्ही आगरी. आमच्या शेतावर बिल्डिंग उभी राहिली तेव्हा बाबांनी बिल्डरकडून फ्लॅटसोबत खालचं पार्किंगही मागून घेतलं. त्याला वाटलं, म्हातारा गाडी घेणार. बाबांनी तिथे शर्यतीचा खोंड आणून बांधला. शर्यतींवर तेव्हा बंदी होती. ती आज ना उद्या उठेल म्हणून बाबा त्याला खाऊ घालत राहिले, आणि रोज सकाळी बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायला नेत राहिले, कारण दुसरी मोकळी जागाच उरली नव्हती. शेणावरून सोसायटीवाल्यांनी डोकं खाल्लं, आईनेही खाल्लं. बाबांचं एकच पालुपद, "एकदा पलवतो त्याला, मग काय ते करा."

बंदी उठली तोवर बैल उतरणीला लागला होता. तरी मलंगगडाकडच्या एका मैदानात बाबांनी नाव दिलं. जोडीला माझ्या मामाचा बैल घेतला. मी रजा टाकून गेले. मला हल्ली कशाचं फारसं काही वाटत नाही, पण बाबांनी नवा सदरा घातलेला बघून वाटलं, एकदा धावू दे याला.

झेंडा पडला. जोडी चांगली सुटली. बाबा बेंबीच्या देठापासून ओरडत होते. आणि साधारण आमची बिल्डिंग संपते तेवढ्या अंतरावर आमचा बैल डावीकडे वळला. मामाचा बैलही त्याच्यासोबत ओढला गेला. गाडीवानाने कासरा खेचला, शिव्या घातल्या, उपयोग शून्य. व्यवस्थित वळसा घेऊन छकडा परत सुरुवातीपाशी आला आणि बैल बाबांसमोर येऊन उभा राहिला. लोक हसून हसून लोळले. लाउडस्पीकरवाल्यानेही हात धुऊन घेतले, "मालक, बैल घरी काय विसरला काय?"

बाबाही हसले. मग बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "त्याची काय चूक? मीच त्याला गोल फिरवला."

मामाचं मुरबाडकडे शेत आहे. तो म्हणाला, "दाजी, माझ्याकडं राहू दे. मोकळा फिरेल." बाबांनी कासरा त्याच्या हातात दिला. दोन्ही बैलांना घेऊन टेम्पो निघून गेला आणि आम्ही दोघं धुळीत उभे राहिलो.

सदऱ्यावरची धूळ झटकत बाबा म्हणाले, "मना रडू यायला पायजे ना गो? नाय येत."

"येईल," मी म्हटलं.

त्याला आता कितीतरी महिने झाले. रात्री जेवताना बाबा कधीतरी माझ्याकडे बघतात, आणि मी नकारार्थी मान हलवते. मलाही नाही आलं रडू.