संगणकाचा सेनापती हुशार झाला

पोटापाण्यासाठी मी खोटं लिहिते असं म्हटलं तर आमच्या ऑफिसातले लोक दुखावतील. त्यांच्या भाषेत मी 'कंटेंट' लिहिते. बेंगळुरूत आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचा एक युद्धाचा गेम बनवतो. त्यात दख्खनचे किल्ले आहेत, घोडदळ आहे, हत्ती, तोफा, फितुरी, काही म्हणून कमी नाही. एका बाजूला खेळणारा माणूस, दुसऱ्या बाजूला शत्रूचा सेनापती, आणि तो सेनापती खुद्द संगणक. दर दोन-तीन महिन्यांनी गेमचं नवं अपडेट निघतं आणि त्यात काय काय सुधारलं याची यादी मी इंग्रजीत आणि मराठीत लिहिते. 'हत्ती विहिरीत उतरण्याची अडचण दूर केली आहे.' 'मेलेले सैनिक मुजरा करत असत, ते आता करणार नाहीत.' ही वाक्यं माझी. मराठी घेऊन एम.ए.ला पहिला वर्ग मिळवला, तो यासाठी.

शत्रूचा सेनापती मूर्ख होता याबद्दल ऑफिसात दुमत नव्हतं. तुमच्या किल्ल्याचे तीन दरवाजे सताड उघडे असले तरी तो बंद असलेल्या चौथ्यावरच धडका देत बसायचा. दरवाजात एक हत्ती अडकला की मागे अख्खी फौज बेंगळुरूतल्या सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या सिग्नलला उभी राहावी तशी खोळंबायची, फक्त हॉर्न वाजवायची नाही. कधी लहर आली तर तोफा स्वतःच्याच धान्यकोठारावर डागायचा. गेम खेळणाऱ्यांनी इंटरनेटवर आमचं इतकं हसं केलं की शेवटी आमच्या संस्थापकांनाही ते वाचावं लागलं.

संस्थापक मूळचे पुण्याचे. ऑफिसात अनवाणी फिरतात, त्यानं विचार मोकळे होतात म्हणे. आमची सोमवारची मीटिंग उभ्यानं होते. माणसं बसली तर विचार करायला लागतील अशी धास्ती असावी. त्या सोमवारी ते म्हणाले, "गाईज, शत्रू स्मार्ट पाहिजे. प्लेयरला चॅलेंज फील झालं पाहिजे. आपल्याकडे तीन आठवडे आहेत."

शत्रूचं डोकं लिहिणारा आमचा इंजिनियर नागपूरचा. तो म्हणाला, "तीन हप्त्यांत अक्कल येते का सर? माणसाले तीस वर्षं लागतात, अन् तरी गॅरंटी नाही."

संस्थापक मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तीनपैकी पहिला आठवडा अभ्यास दौऱ्याच्या तयारीत आणि दौऱ्यात गेला. खरा किल्ला पाहिला की सेनापतीसारखा विचार करता येतो, असं कुणीतरी सुचवलं. मग आम्ही चौदा जण जवळच्या देवनहळ्ळीच्या किल्ल्यावर गेलो, तटावर ओळीनं उभं राहून फोटो काढले, बाहेर येऊन पपनसं सोलून खाल्ली आणि ट्रॅफिक लागेल म्हणून तीनलाच परत फिरलो. दौऱ्याचा अहवाल मी लिहिला. चांगला झाला होता. उरलेल्या दिवसांत इंजिनियरनं खरोखरच सेनापतीला शहाणं करायचा प्रयत्न केला. पण त्यानं सेनापती इतका विचारी झाला की तो किल्ल्यातून बाहेर पडायलाच तयार होईना.

शेवटी चार दिवस राहिले तेव्हा इंजिनियरनं जे केलं ते असं. गेमच्या नकाशावर धुकं असतं. तुमचे लोक जिथवर पोचले तेवढा मुलूख तुम्हाला दिसतो, बाकी सगळा धुक्यात. हाच नियम शत्रूलाही होता. इंजिनियरनं तो शत्रूपुरता काढून टाकला, एवढंच. आता तुमची माणसं कुठल्या झाडीत, कुठल्या घळीत दबा धरून बसलीत ते संगणकाला आयतं दिसायला लागलं. डोकं पूर्वीचंच, पण समोरच्याच्या हातातले पत्ते बघून खेळायची सोय झाली.

"लबाडी आहे ही," तो मला म्हणाला, "शोभेल असं काहीतरी लिही." मी लिहिलं, 'शत्रूचा सेनापती आता तुमचे डावपेच ओळखतो.' संस्थापकांनी उत्तरादाखल तीन अंगठे पाठवले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण हा गेम माझ्या ओळखीत मन लावून खेळणारा माणूस म्हणजे तेच. बाबा बाविसाव्या वर्षी सांगलीहून बेंगळुरूला आले, एका सरकारी कारखान्यात लागले आणि इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झाले. बनून आलेला माल मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर शेरा मारून परत पाठवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मल्लेश्वरममधल्या आमच्या घरात रोज चारची कॉफी झाली की ते जेवणाच्या टेबलावर माझा जुना लॅपटॉप उघडतात आणि एक डाव खेळतात. एकच. त्यांची खेळी ठरलेली. दोनशे घोडेस्वार घळीत लपवायचे, शत्रूला पुढे येऊ द्यायचं आणि पाठीमागून झडप घालायची. समोर तो मूर्ख सेनापती असल्यामुळे ते रोज जिंकायचे. बागेतल्या बाकावर बसणाऱ्या इतर निवृत्तांना त्यांनी ही मोहीम इतक्यांदा ऐकवली होती की दोघांनी बाक बदलला होता.

अपडेट निघालं त्या दिवशी मी जेवताना म्हटलं, "बाबा, आता जपून खेळा हं. सेनापती हुशार केलाय आम्ही."

'आम्ही' या शब्दाची काही गरज नव्हती. पण तोवर बाबा माझ्या नोकरीची ओळख 'कॉम्प्युटरमध्ये काहीतरी आहे' अशी करून द्यायचे, आणि ते काहीतरी मला खूप वर्षं बोचत होतं. त्या दिवशी बाबांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी कंपाउंडवरून शेजारच्या काकांना ते कन्नडमध्ये सांगत होते, "नम्म मगळु माडिद्दु." आमच्या मुलीनं केलंय. मी आत उभी राहून ऐकलं आणि मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

पहिल्यांदा हरले तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. "भले! सरळ घळीवरच आला की ग." आठवडाभर ते शत्रूचं कौतुक करत होते. मग कौतुक थांबलं. कागदावर नकाशे काढून घोडे कुठे लपवले त्याच्या खुणा करायला लागले. एकदा मला विचारलं, "त्याला कळतं कसं ग, माझे स्वार कुठेत ते?" मी म्हटलं, "तो शिकतो बाबा. तुमच्याच खेळातून शिकतो." मला इतकं सफाईनं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी कळलं की मराठी मंडळात रविवारी मुलांना गणित शिकवायचे ते त्यांनी बंद केलंय. सेक्रेटरींना 'प्रकृती बरी नाही' असं सांगितलं. आईला खरं कारण सांगितलं: "चुकीचं शिकवलं तर? मुलांचं नुकसान व्हायला नको." स्कूटरही बाहेर काढेनात. आई म्हणाली, "कमाल आहे या माणसाची. भाजीला चालत जातात आणि येताना घरं मोजत येतात."

मला यातलं एकूण एक कळत होतं. बाबांचे मोठे भाऊ, आमचे काका, सांगलीत रमी खेळायला बसले की कुणाला जिंकू द्यायचे नाहीत. मग ते हरायला लागले. सगळ्यांनी थट्टा केली, मीही केली. दोन वर्षांनी ते मंडईतून घरी येण्याची वाट विसरले, आणि शेवटी शेवटी बाबा भेटायला गेले तर त्यांना 'या साहेब, बसा' म्हणाले. बाबा त्या दिवशी परत येताना बसमध्ये रडले होते. म्हणजे घरातला माणूस रोज हरतोय आणि गप्प होत चाललाय, याचा अर्थ लावायला मला काही वेगळी विद्या लागत नव्हती. मी स्वतःला सांगत होते की गेमच्या आतल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत अशा कागदावर मी सही केली आहे. सही केली होती हे खरं आहे. पण त्या कागदाची आठवण मला एरवी कधी होत नाही, आणि ऑफिसातल्या भानगडी मी आईला रोज इत्थंभूत सांगते.

मग एका शनिवारी आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "त्यांनी त्या विसरण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. एकट्यानंच. मला येऊ नको म्हणतायत. तू जा." तिचे हात कणकेत होते आणि ते थांबले होते.

क्लिनिक घरापासून दहा मिनिटांवर. सकाळी अकराची वेळ. नर्स म्हणाली, "कूतकोळ्ळी सर, स्वल्प टाइम आगत्ते." बसा, थोडा वेळ लागेल. आम्ही बसलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन. हातात एक कागद होता, डॉक्टरांना द्यायचा. मी मागितला, त्यांनी दिला. कारखान्यात सदोष मालाचा अहवाल लिहायचे त्याच धर्तीवर, पट्टीनं रेघा मारून, त्यांनी स्वतःचा अहवाल तयार केला होता.

'दोष १: डावात सलग हार, सव्वीस वेळा. घोडदळ लपवताना माझ्याकडून काही खूण राहत असणार. कोणती, ते आठवत नाही.'

'दोष २: पूर्वी तीन खेळ्या पुढचं दिसे. आता शत्रूला दिसतं, मला नाही.'

दोष ३ आणि ४ असेच. 'दोष ५: चष्मा फ्रिजवर विसरलो. एकदा.' आणि खाली: 'शेरा: थोरल्या भावाची सुरुवात अशीच.'

नेमका त्याच वेळी संस्थापकांचा मेसेज आला. खेळणारे खूश होते, अखेर तोडीस तोड शत्रू मिळाला म्हणत होते. 'आपण मशीनला विचार करायला कसं शिकवलं यावर एक छान इमोशनल पोस्ट लिही ना.' मी फोन पर्समध्ये टाकला.

"बाबा," मी म्हटलं, "त्याला सगळा नकाशा दिसतो."

"कुणाला?"

"सेनापतीला. धुकं फक्त तुम्हाला आहे. त्याच्यापुरतं आम्ही काढून टाकलं. तो हुशारबिशार काही झालेला नाही. तुमची खूण राहत नाही कुठे. त्याला तुम्ही दिसता."

त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या मेंदूच्या तक्त्याकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"डावपेच ओळखतो, असं लिहिलंय ना, ते मीच लिहिलं."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. खिशातलं पेन काढलं, पहिल्या चार दोषांवर एकेक सरळ रेघ मारली आणि प्रत्येक रेघेशेजारी समासात छोटी सही केली. खाडाखोड केली की सही करायची, ही त्यांची जुनी शिस्त. एवढ्यात आमचा नंबर पुकारला. ते उठले.

"आता कशाला जाताय?" मी म्हटलं.

"चष्मा राहिलाय ना अजून," ते म्हणाले आणि आत गेले.

पाऊण तास लागला. त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. मला तिथेच रडू आलं. बाबांनी मला रुमाल दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

येताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्या उभ्या कॉफी घेतली. बाबांनी पेल्यातली कॉफी वाटीत ओतली, वाटीतली पेल्यात ओतली, आणि तसंच करत राहिले. ते रागावले असते, दोन शब्द सुनावले असते, तर मला सोपं गेलं असतं. न राहवून मीच विचारलं, "बाबा, सव्वीस वेळा हरलात. एकदाही तुम्हाला शंका आली नाही, की गेमच लबाडी करत असेल?"

"नाही आली."

"तुम्हाला? इन्स्पेक्शनवाल्या माणसाला?"

"आमच्याकडे पद्धत होती," ते म्हणाले. "माप जुळत नसलं, तर आधी मोजायचं हत्यार तपासायला पाठवायचं. ते बरोबर निघालं, तरच मालावर शेरा. म्हणून मी आधी मलाच तपासायला आणलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "मालावर शंका घ्यायचं मनातच आलं नाही ग. माल तुझा होता."