न बोलण्याचा दिवस
लंडनमधल्या एजवेअरच्या केमिस्टकडे नीलगिरीच्या तेलाचा वास आला आणि केअर होममधली ती नव्वदीची अमेरिकन बाई आठवली. मी तिथे कामाला होते. तरुणपणी ती न्यूयॉर्कच्या ऑपेरात राखीव गायिका होती. मुख्य गायिका आजारी पडली तरच हिने गायचं. वर्षानुवर्षं कोणी आजारी पडलंच नाही. आमच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमात मात्र ती एकटी गाणार होती. त्या सकाळी ती गळ्याला मफलर गुंडाळून नीलगिरीची वाफ घेत बसली. काही विचारलं की गळ्याला हात लावून नुसती मान हलवायची. मॅनेजरबाईंनी पेन दिलं, तर म्हाताऱ्या हाताला लिहिता येईना. "स्ट्रोकच हा!" म्हणत त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. मी सोबत गेले. हॉस्पिटलात ताटकळता ताटकळता संध्याकाळ झाली. कार्यक्रम सुरू झाल्याचा मला फोन आला, मी तिला तसं सांगितलं, तेव्हा कुठे ती बोलली, अगदी स्वच्छ, "गाण्याच्या दिवशी आम्ही आवाज जपतो गं. माझ्या जागी कोण गातंय?" म्हटलं, "किचनमधली मुलगी." ती काळजीने म्हणाली, "तिला आधी सांगितलं होतं ना? गळा तयार होता ना तिचा?" नीलगिरीचा वास आला की तो आवाज अजून कानात येतो. दिवसभर जपलेला, आणि ऐकायला मी एकटी.